यादी परक्यांची, दार आपले

गेल्या वर्षावासातली गोष्ट. पौर्णिमेची वंदना झाली, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन झाले आणि मंडळी विहाराच्या पडवीत चहाला बसली. बाहेर हेदवीचा पाऊस. म्हणजे बोलणाऱ्याने ओरडूनच बोलायचे. तेवढ्यात वाडीतली एक भगिनी जवळ आली आणि हळूच म्हणाली, “भाऊ, आमच्या पोरीला बँक बंद केलीत का तुम्ही?”

ऐकण्यात चूक झाली असे आम्हाला वाटले. आम्ही बँकेच्या रांगेत उभे राहणारी माणसे. कुणाची बँक बंद करणारे आम्ही कोण? तेव्हा ती म्हणाली, “तसं नाय, हितल्या कॉम्प्युटरवर. पोरगी म्हणत होती, तिकडं बंदी हाय. फारम भरायचा राहिला तिचा.”

हा फॉर्म एका भरती परीक्षेचा होता आणि त्याची मुदत संपून दहा दिवस झाले होते. ही गोष्ट आमच्याच हातून घडली असल्यामुळे ती या सदरात लिहिणे भाग आहे. शिवाय गावोगावच्या विहारांना लागून आता अशा अभ्यासिका होत आहेत; तिथल्या कार्यकर्त्यांच्या उपयोगी पडेल.

आमची अभ्यासिका म्हणजे विहाराला चिकटून बांधलेली एक खोली. मुंबईकर मंडळाने पाठवलेले पाच जुने संगणक आणि फायबरची एक जोडणी, एवढाच संसार. हेदवीत गाड्या येतात त्या दशभुजा गणेशाच्या देवळासाठी आणि बामणघळीत उसळणारे पाणी बघण्यासाठी. आमच्या वाडीकडे वळायचे त्यांना कारण नाही. पण या खोलीतून आमची मुले शिष्यवृत्तीचे अर्ज भरू लागली, परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ठेवलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड वाचू लागली. आम्हाला धन्य वाटले. तीन महिन्यांनी आईबाप तक्रार घेऊन आले, की रात्री उशिरापर्यंत पोरे तिथे आकडा बघतात.

आकडा म्हटल्यावर जुन्या मंडळींना वेगळे सांगायला नको. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांवर मुंबईत पैसे लागायचे. ते भाव येणे १९६१ मध्ये थांबले, तर १९६२ मध्ये कल्याणजी भगत याने वरळीला मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्रीने आपला वेगळा काढला. गिरणगावातल्या किती पगाराच्या पाकिटांनी त्या मडक्यात तळ गाठला, हे आमच्या आया-आजींना विचारा. तोच मटका आता मोबाईलच्या काचेवर आला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला, हे चांगलेच झाले. पण ही संकेतस्थळे आज एका नावाने बंद पडतात आणि उद्या एक अक्षर बदलून उघडतात. तेव्हा आपल्या खोलीपुरता बंदोबस्त आपणच करावा, असे समितीत ठरले.

हा बंदोबस्त म्हणजे प्रॉक्सी. कॉलेजात गैरहजर मित्राची हजेरी लावतात तीच ही प्रॉक्सी, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणारा मुखत्यार. खोलीतले चार संगणक थेट बाहेर जात नाहीत. पाचव्या संगणकाला सांगतात, अमुक पान हवे. तो ते आणून देतो किंवा नाही म्हणतो. त्या पाचव्यावर आम्ही स्क्विड नावाची प्रणाली बसवली. ती १९९६ पासूनची आहे, फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते. स्क्विड म्हणजे आपल्या दर्यातले माकूळ, हे कळल्यावर मुलांनी त्या यंत्राचे नाव माकूळच ठेवले.

माकुळाला पानाच्या आतला मजकूर दिसत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. हल्ली बहुतेक पाने कुलूपबंद पाकिटातून येतात, त्याला फक्त पाकिटावरचे नाव दिसते. कचेरीच्या बारनिशीत बसलेल्या कारकुनाचेही तसेच असते. तो पाकीट फोडत नाही, पत्ता बघून आवक-जावक करतो. म्हणून सगळा खेळ नावांच्या यादीवर येतो. कोणती नावे अडवायची याची एक फाईल असते आणि स्क्विडच्या नियमांत त्या फाईलचा पत्ता लिहून द्यावा लागतो.

ही यादी आणायची कुठून? जगात हजारो वाईट संकेतस्थळे, ती हेदवीत बसून कोण मोजणार? तर अशा याद्या तयार मिळतात. फ्रान्समधल्या तुलूझ शहराच्या विद्यापीठात फाब्रिस प्रिजाँ नावाचे गृहस्थ वर्षानुवर्षे अशी यादी सांभाळत आले आहेत. जुगार, अश्लील, फसवणूक असे तिचे वेगवेगळे विभाग आहेत आणि ती कुणीही फुकट घ्यावी. आम्ही जुगाराचा आणि फसवणुकीचा विभाग घेतला. अश्लील विभागात नावेच इतकी, की आमच्या जुन्या यंत्राची रॅम त्याला पुरली नसती.

पण फ्रान्समधल्या माणसाला कल्याणचा ओपन-क्लोज काय ठाऊक? म्हणून आमच्या तरुणांनी स्वतःची एक पुरवणी यादी केली. तीत पुरी नावे लिहिण्याऐवजी शब्द लिहिले: सट्टा, मटका, अंक, बेट, रमी. रोमन अक्षरांतला हा शब्द नावात कुठेही आला, की ते नाव अडवायचे. कल्पना आम्हाला फार पसंत पडली. नाव बदलून बदलून किती बदलाल, सट्टा हा शब्द तरी सोडणार नाही ना! आम्ही त्या पोरांची पाठ थोपटली. तो हात तेव्हा आखडता घेतला असता तर बरे झाले असते.

पहिला बाँब दुसऱ्याच दिवशी फुटला. आमच्या वाडीत एक निवृत्त गिरणी कामगार आहेत, १९८२ च्या संपात होते. ते रोज सकाळी अभ्यासिकेत येऊन वर्तमानपत्रे वाचतात. त्या दिवशी ‘लोकसत्ता’ उघडेना. बाबांनी सगळी वाडी डोक्यावर घेतली. “पेपर बंद करणारे तुम्ही कोण? कुणाच्या सहीने केलेत?” तपास केला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रोमन लिपीत ‘सट्टा’ आणि ‘सत्ता’ यांची अक्षरे एकच! म्हणजे लोकसत्ता जुगारात जमा. पालीतला ‘बोधिसत्त’ हा शब्दही रोमनमध्ये लिहिला तर त्याच्या पोटात हीच अक्षरे. आपण वंदनेत ज्या सत्तांचे, म्हणजे सकल प्राणिमात्रांचे, मंगल चिंतितो त्यांना आम्ही मटक्याच्या अड्ड्यावर नेऊन बसवले होते. त्याच संध्याकाळी तो शब्द काढला. सगळे पोट धरून हसले आणि बाकीचे शब्द मात्र तसेच राहिले.

‘बेट’ या शब्दाने तिबेट अडवला आणि मधुमेहाचे इंग्रजी नाव असलेली पानेही अडवली, हे आम्हाला फार पुढे कळले. आणि ‘अंक’ने काय केले, ते त्या पौर्णिमेच्या रात्री.

स्क्विड आपल्या आवक-जावकीची नोंदवही ठेवतो. कोणत्या यंत्राने किती वाजता कोणते नाव मागितले आणि ते दिले की नाकारले, हे ओळीने लिहिलेले असते. त्या भगिनीने सांगितलेल्या तारखेचे पान आम्ही काढले. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला तीन नंबरच्या यंत्रावरून एका बँकेचे नाव मागितले होते. पुढे लिहिले होते ‘डिनाइड ४०३’, म्हणजे नाकारले. पुन्हा मागणी, पुन्हा नकार. अकरा मिनिटांत चार वेळा. नंतर त्या यंत्राची काही नोंद नाही.

रोमन अक्षरांत ‘अंक’ लिहा आणि त्याच्या मागे ‘बी’ ठेवा. बँक! जगातली ज्या ज्या बँकेच्या नावात बँक हा शब्द आहे, ती प्रत्येक आम्ही अडवली होती. रिझर्व्ह बँकेने तर देशातल्या सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटाखाली यायला सांगितले, म्हणजे आमचा शब्द राहिला असता तर एकही सुटली नसती. मुलीने सगळा अर्ज भरला, फोटो चढवला, सही चढवली आणि परीक्षा फीचे पैसे भरायला बँकेचे पान मागितले तेव्हा दार बंद. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, की प्रॉक्सी जोडणी नाकारत आहे. अर्जाची ती शेवटची संध्याकाळ होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. पोरगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला, हुशार. आम्ही विचारले, बाळ, त्याच वेळी हाक का मारली नाहीस? समितीचा माणूस बाजूच्याच घरात होता. कुणाचाही मोबाईल घेऊन सड्यावर गेली असतीस, रेंज मिळाली असती. ती म्हणाली, “काका, नाकारलं असं लिहून आलं. मला वाटलं, आपल्याला नसेल ते.”

हे वाक्य आम्हाला आजही झोपू देत नाही. बाबांचा पेपर अडला तेव्हा बाबांनी सही कुणाची म्हणून विचारले, आणि संध्याकाळच्या आत नियम बदलला. संपाच्या काळात मालकाला प्रश्न विचारलेला तो माणूस. हिचे अख्खे वर्ष अडले आणि ही न बोलता घरी गेली, भाकऱ्या थापायला बसली. नियम एकच, यादी एकच. पण ज्याला विचारायची सवय आहे त्याला तो एक दिवस नडला, जिला नाही तिला वर्षभर.

मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे १९२४ मध्ये कागदावर लिहिले. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन स्वतः तळ्यावर जावे लागले. त्या गोष्टीशी आमच्या चुकीची तुलना करणे धाडसाचे होईल. तिथे सवर्णांचा हेतू होता, इथे कुणाच्या मनात वाईट नव्हते. पण दारात अडलेल्या माणसाला आतल्याचा हेतू दिसत नाही, हे आम्ही त्या घरातून परतताना सारखे मनात म्हणत होतो. आणि या वेळी दारावर आम्ही होतो, बाबासाहेबांचे नाव घेणारे.

ही चूक आम्हीच केली असे नाही. ३१ जुलै २०१५ रोजी केंद्राच्या दूरसंचार खात्याने ८५७ संकेतस्थळे अश्लील म्हणून बंद करायला सांगितली. ती यादी सर्वोच्च न्यायालयातल्या एका याचिकेच्या अर्जदाराकडून आलेली होती, आणि तीत निव्वळ विनोदाची संकेतस्थळेही निघाली. चार-पाच दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली. पुढे २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तीच ८५७ नावे पुन्हा हाती घेतली. तेव्हा तपासल्यावर तीसांत अश्लील काही आढळलेच नाही, म्हणून ८२७ बंद झाली. म्हणजे ती तीस नावे पहिल्या वेळी कुणी उघडून बघितलीच नव्हती. क्लाउडफ्लेअर या बड्या कंपनीचेही तसेच. १ एप्रिल २०२० रोजी त्यांनी कुटुंबांसाठी अश्लील पाने गाळणारी सेवा काढली आणि बाहेरून घेतलेल्या याद्यांतली चुकीची यादी जोडल्यामुळे समलिंगी माणसांच्या हक्कांची संकेतस्थळे अडली. पण त्यांनी ती त्याच दिवशी उघडली आणि चूक कशी झाली ते जाहीर लिहिले. ही जाहीर लिहिण्याची गोष्ट आम्हाला आवडली. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २००९ च्या नियमांत सोळावा नियम असा आहे, की कुणाचे काय बंद केले हे गोपनीय ठेवावे.

आता दुरुस्ती काय केली ते लिहितो. अभ्यासिका चालवणाऱ्यांनी हा भाग जपून ठेवावा.

शब्दांची पुरवणी यादी आम्ही फाडून टाकली. अडवायचे तर पुरे नाव लिहायचे. नावाच्या आधी एक टिंब दिले, की त्याच्या पोटातली सगळी उपनावेही अडतात, मग शब्दांचे जाळे टाकायची गरज उरत नाही. दुसरी गोष्ट ओळींच्या क्रमाची. स्क्विड वरून खाली वाचत येतो आणि जी ओळ प्रथम लागू पडली तिथे थांबतो. पुढे काय लिहिले आहे ते बघतसुद्धा नाही. आम्ही नकाराच्या ओळी वर लिहिल्या होत्या. आता सर्वांत वर ‘फक्त या खोलीतले संगणक’ ही ओळ आहे, नाही तर बाहेरचा कुणीही आपला मुखत्यार वापरील. तिच्याखाली मोकळीक यादी: सरकारी, बँकांची आणि विद्यापीठांची शेपटे. ती आमची, हाताने लिहिलेली. तिच्याखाली बाहेरून आणलेली यादी. शेवटी काय करायचे तेही स्पष्ट लिहावे लागते. ते लिहिले नाही तर स्क्विड शेवटच्या ओळीच्या उलट वागतो; हे वाचून आमच्या समितीच्या अध्यक्षांना आपल्या जावयाची आठवण झाली.

बाहेरची यादी रविवारी रात्री आपोआप उतरते. काही नव्या प्रॉक्सी प्रणालींत यादीचा पत्ता आणि किती सेकंदांनी ती पुन्हा आणायची एवढे लिहिले की झाले. एका दिवसाचे ८६,४०० सेकंद. स्क्विडला ते येत नाही, त्याला वेगळा हुकूम लिहून द्यावा लागतो. इथे एक खड्डा आहे. यादी उतरत असताना वीज गेली, तर फाईल अर्धी किंवा रिकामी राहते. रिकाम्या यादीवर स्क्विड आपल्या नोंदवहीत तक्रार लिहितो खरा, पण थांबत नाही. सगळे मोकळे सोडतो. आमच्याकडे एक आठवडा असेच चालले आणि मुलांनी अर्थातच आम्हाला सांगितले नाही. म्हणून आता नवी फाईल आधी बाजूला उतरवतो, तिच्यातल्या ओळी मोजतो आणि मागच्या आठवड्यापेक्षा फारच कमी असल्या तर जुनीच ठेवतो. मग ‘स्क्विड -के पार्स’ हा हुकूम देऊन नियम नीट वाचता येतात का ते बघायचे, आणि त्यानंतरच ‘स्क्विड -के रिकॉन्फिगर’. मधली पायरी गाळू नये.

नोंदवहीबद्दलही वाद झाला. तिच्यामुळे चूक सापडली हे खरे. पण कोणती मुलगी कोणत्या आजाराविषयी वाचते, कोणता मुलगा काय शोधतो, हे समितीतल्या काका-मामांनी का बघावे? आता ती पंधरा दिवसांनी पुसली जाते, आणि तक्रार आली तरच दोघांनी मिळून उघडायची. त्या दोघांत एक बाई असलीच पाहिजे.

नकाराची सूचना मराठीत दाखवायची सोय स्क्विडमध्ये आहे. आम्ही हौसेने सुंदर मजकूर लिहिला, पण कुलूपबंद पानाला नकार गेला की ब्राउझर तो दाखवतच नाही. स्वतःची इंग्रजी ओळ पुढे करतो. शेवटी पुठ्ठे कापले आणि प्रत्येक पडद्याच्या वर चिकटवले. त्यावर लिहिले आहे: “पान उघडत नसेल तर चूक तुमची नाही. यादीची असू शकते. वहीत लिहा, आणि घाई असेल तर लगेच हाक मारा. रात्रीसुद्धा.” भिंतीवर मोकळीक यादी आणि आम्ही हाताने घातलेली नकाराची नावे छापून लावली आहेत. तुलूझची यादी भिंतीवर मावणारी नाही, ती यंत्रातच कुणालाही उघडून बघता येते.

त्या मुलीचा अर्ज गेला तो गेलाच. आम्ही त्या कार्यालयाला पत्र लिहिले. मुदतीनंतर काही होत नाही, असे उत्तर आले. ते बरोबरच होते. पुढच्या भरतीची ती वाट बघते आहे. दर रविवारी यादी उतरल्यावर ओळी मोजायचे काम तिने मागून घेतले आहे, आणि मोजताना पाच-सात नावे उघडून बघते. दोनदा तिने तुलूझकरांची चूक काढली. ती नावे आमच्या मोकळीक यादीत आली.

वहीत परवा एका आईने लिहिले आहे, की दहावीची परीक्षा होईपर्यंत छोट्या चित्रफितींचे पान संध्याकाळी बंद ठेवावे. खाली तीन मुलांच्या सह्यांनी हरकत आहे. गणिताचे मास्तर त्याच पानावर शिकवतात, असे त्यांचे म्हणणे. बाबांनी दोन्हींच्या खाली लाल शाईने लिहिले आहे: “येत्या रविवारी वंदनेनंतर बैठक. मुलांनीही यावे.”